युकुलेली बासच्या चिकट तारा आणि उतरणारा सूर

माझी युकुलेली बास म्हणजे युकुलेलीसारखी दिसणारी छोटी बास गिटार. तिची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खोक्यावरची, तार टेकते ती पट्टी) जेमतेम २१ इंच, पण सूर मोठ्या बास गिटारचेच: ई, ए, डी, जी. एवढ्याशा लांबीत खर्ज निघावा म्हणून तारा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या, जाड नि रबरी. दमट हवेत त्यांवर बोट अडायचं, सूरही सारखा उतरायचा. टाल्कम पावडर चोळल्यावर बोट सरकायला लागलं. सुरासाठी मात्र तार हाताने ताणायची, पुन्हा लावायची, परत ताणायची. ती सैलावायची थांबेपर्यंत हेच. धातूची गुंडाळी असलेल्या तारा बारीक, जुन्या नटच्या खाचांत सैल पडून खडखडतात, त्यामुळे तो विचार सोडला. फ्रेटलेस, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेल्या मानेवर डबल बाससारखा (उभं धरून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) घुमारा येतो, मोह होतोच! पण आखूड मानेवर बोट किंचित हललं की बेसूर. मी वाजवता वाजवता गातो, म्हणून फ्रेटवालीच ठेवली.