अवकाशातली भाडोत्री पलटण: इसार, पगार, भंगार

टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळात (आरपीजी) भाडोत्री सैनिकांची मोहीम रंगते ती पैशाच्या ओढाताणीमुळे. पुढचा पगार काढायचा असतो, म्हणून पलटण नको त्या ग्रहावर, नको त्या मालकासाठी उतरते. ही ओढाताण आकड्यांत बसवली नाही, तर चौथ्या-पाचव्या बैठकीला नुसत्या मारामाऱ्या उरतात.

म्हणून आधी वही. अप्पा बळवंत चौकातून जमाखर्चाची साधी वही आणा आणि एका खेळाडूच्या हाती द्या. तो पलटणीचा फडणीस. वही जीएमकडे (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) राहिली तर तंगी फक्त जीएमलाच जाणवते.

पाच पात्रं आणि हाताखाली बारा शिपाई, एवढी पलटण पुरते. महिन्याचा खर्च असा धरा: शिपायांना प्रत्येकी १,००० क्रेडिट (खेळातलं चलन) म्हणजे १२,०००, यानाचा हप्ता १५,०००, इंधन-दुरुस्ती ५,०००, दारूगोळा-औषधं ४,०००. एकूण ३६,०००. महिनाभराच्या कामाचे ६०,००० ठरवा, त्यात इसार १५,०००. इसारात महिना भागत नाही, आणि तेच हवं. वहीतली शिल्लक एक ते दोन महिन्यांच्या खर्चाएवढी राहू द्या. तीन महिन्यांच्या वर गेली की मंडळी जोखमीचं काम सरळ नाकारतात. सलग दोनदा शून्याखाली गेली की यान विकून टाकायच्या गोष्टी सुरू होतात.

करार प्रत्येक वेळी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून टेबलावर ठेवा. काम काय, मुदत किती, पैसे कधी, नुकसान कोणी सोसायचं, जिंकलेला माल कोणाचा, आणि काम झालं हे ठरवणार कोण. शेवटच्या कलमावरूनच खरी भांडणं होतात, ते विसरू नका. नुकसानीचं कलम समजवायला आपल्याकडचे जुने शब्द चपखल आहेत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. लढाऊ चिलखतं पलटणीची असतील तर मोडतोड वहीत चढते. मालकाने दिलेली असतील तर खर्च वाचतो, पण ती परत मागायचा हक्कही त्याचाच.

एक कलम, एकच, दुहेरी अर्थाचं ठेवा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनामागची ‘ध चा मा’ची आख्यायिका पुण्यात सगळ्यांना पाठ आहे: ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, आणि शनिवारवाड्यात घुसले ते पगारी गारदीच. तसंच ‘नियंत्रण कक्ष ताब्यात घ्यावा’ असं लिहा आणि शाबूत की कसाही, ते लिहू नका. खेळाडूंनी करार करतानाच विचारलं तर खरं उत्तर द्या. अशी दोन-तीन कलमं घातलीत तर मात्र त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि पुढचा प्रत्येक करार वकिली थाटात तासभर चालतो.

जिंकलेला माल पूर्ण दिलात तर पलटणीची भंगारवाल्यांची टोळी होते. मंडळी एकेक बंदूक मोजत बसतात. पलटणीचा वाटा चौथाई ठेवा, आणि विकताना भाव मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी द्या. जुन्या बाजारात घासाघीस केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

लढाईत बारा शिपायांसाठी वेगवेगळे फासे टाकू नका, संध्याकाळ त्यातच जाते. चौघांच्या तीन तुकड्या करा, लढाई तीन टप्प्यांत घ्या. दर टप्प्याला दर तुकडीसाठी दोन सहापैलू फासे टाका; बेरीज ५ किंवा कमी आली तर एक जण जखमी. ही शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे नऊ वेळा फासे पडून सरासरी अडीच जखमी. जखमीसाठी पुन्हा टाका: ३ किंवा कमी आल्यास तो गेला. बाराही जणांची नावं आणि एकेक सवय वहीच्या पहिल्या पानावर हवी, कारण नाव खोडून त्याच्या घरी तीन महिन्यांचा पगार पाठवायची नोंद फडणिसाला स्वतःच्या हाताने करावी लागते. त्या क्षणी टेबल शांत होतं.

गणपतीत रस्ते बंद असले की दोघं-तिघं हमखास गळतात. त्यांची पात्रं यानाच्या पहाऱ्यावर ठेवा. कराराची मुदत थांबवू नका.

चार तासांच्या बैठकीतली शेवटची पंधरा मिनिटं वहीसाठी राखा. हिशेब झाला की तीन नवी कामं दोन-दोन ओळींत सांगा आणि एक तिथेच निवडून घ्या. म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत तुम्हाला एकाच कामाची तयारी करावी लागते.