नगरपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकण्याआधी काय काय तयार ठेवायचं

मंडळी, रस्ता, गटार, कचरागाडी, तोडलेली झाडं असल्या गोष्टींची माहिती नगरपंचायत किंवा नगरपरिषदेकडून काढायची असेल तर अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो, खरा वेळ त्याआधीच्या तयारीला जातो आणि ती कच्ची राहिली की अर्ज फुकट, म्हणून मी काय काय गोळा करून मग ऑफिसात जाते ते सगळं सांगते.

पहिलं काम रस्त्यावर जाऊन करायचं. ज्या रस्त्याबद्दल विचारायचंय तो कुठून कुठपर्यंत हे तिथे उभं राहून लिहून आणा. "बंदराकडचा रस्ता" असं मोघम लिहिलंत तर "माहिती सुस्पष्ट नाही" एवढंच उत्तर येतं, त्यापेक्षा एसटी स्टँड ते मच्छी मार्केट, वॉर्ड नंबर अमुक, असं लिहा. फोटो मे महिन्यातच काढून ठेवा, एकदा पाऊस लागला की कुठला खड्डा आधीचा आणि कुठला नंतरचा हे कोणी सांगू शकत नाही. फोटोत शेजारचं दुकान किंवा विजेचा खांब येऊ दे, नुसता खड्डा कुठलाही असू शकतो.

मग तो रस्ता कोणाचा हे शोधा, लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. गावातून जातो म्हणून तो नगरपंचायतीचाच असतो असं नाही, सार्वजनिक बांधकामचा असू शकतो, हद्दीबाहेर जिल्हा परिषदेचा, आणि 66 नंबरचा हायवे तर राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. एसटीच्या फेऱ्या महामंडळाकडे, रिक्षाचे परवाने आरटीओकडे, पूररेषेचे नकाशे जलसंपदाकडे (22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हापासून पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची निळी रेषा लाल रेषा आपल्याकडे सगळ्यांना माहीत झालीय), खाडीच्या पाण्याचे रिपोर्ट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गल्लीतले रस्ते, गटारं, दिवे, घंटागाडी, डंपिंग, गावातल्या झाडांच्या परवानग्या ही मात्र नगरपंचायतीची कामं. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनी 5 दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो, पण त्यात आपलेच दिवस जातात. कोकण रेल्वेला विचारायचं असेल तर ती केंद्राच्या नियमात येते, तिथे कोर्ट फी स्टॅम्पच्या ऐवजी पोस्टल ऑर्डर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा पहिला अर्ज मी रागाने लिहिला होता, रस्ता एका पावसात का उखडला, जबाबदार कोण, कारवाई का नाही, असे सात प्रश्न, आणि उत्तर आलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. आमच्या शेजारचे अण्णा आयुष्यभर सरकारी ऑफिसात आवक-जावक बघत होते, त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "कित्याक इचारू नको गो, कागद माग," म्हणजे का असं विचारू नको. तेव्हापासून मी आधी विचार करते की या कामाचा कुठला कागद ऑफिसात असणारच, आणि तोच नावाने मागते. रस्त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव, अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, डांबराचे टेस्ट रिपोर्ट, ठेकेदाराचं बिल आणि दोषदायित्वाचा कालावधी किती हे दाखवणारं करारनाम्याचं पान. हे शेवटचं पान सोडू नका, त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. गणपतीच्या आधी घाईघाईत जे खड्डे भरतात त्यांच्या वर्क ऑर्डर आणि बिलं दिवाळीच्या सुमाराला मागा, तोपर्यंत कागद फाईलला लागलेले असतात.

कचऱ्याला 2016 च्या घनकचरा नियमांखालचा वार्षिक अहवाल, तो नमुना 4 मध्ये भरायचा असायचा, मागच्या वर्षांचे मागा, शिवाय गाडीचं लॉगबुक आणि डिझेलची बिलं. झाडांना 1975 चा कायदा आहे, त्यात दर 5 वर्षांनी वृक्षगणना करायची असते आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज धरली जातात, तेव्हा वड पिंपळ तोडलाय असं दिसलं तर तोडीचा अर्ज, परवानगीचा आदेश आणि बदली झाडं कुठे लावली त्याची नोंद, एवढं मागा. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून रस्ता आणि कचरा एकत्र करू नका, 10 रुपयाचा वेगळा अर्ज परवडतो. कालावधीही आखडता ठेवा, एक आर्थिक वर्ष पुरतं.

अर्ज टाकायच्या आधी वेबसाइट आणि नोटीस बोर्ड बघून या, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 चे 17 मुद्दे त्यांनी न मागता जाहीर करायचे असतात, जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारा) आणि प्रथम अपिलीय अधिकारी (पहिलं अपील ऐकणारा) कोण हे तिथेच मिळतं, नसेल तर आवक टेबलावर विचारून घ्या.

कागद खूप असतील तर झेरॉक्स मागण्यापेक्षा पाहणी मागा, म्हणजे ऑफिसात बसून कागद स्वतः बघायचे, माझं ठाम मत आहे हे. पहिला तास फुकट, पुढे दर 15 मिनिटांना 5 रुपये. मी घंटागाडीचं लॉगबुक असंच बघितलं, दमट हवेने कडा फुगलेलं लांबट रजिस्टर, ऑगस्टच्या पानावर सलग 11 दिवस गाडी रोज बरोब्बर 38 किलोमीटर चाललेली, एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेलं, आणि त्यातले 4 दिवस गाडी गॅरेजला जॅकवर उभी होती, तारखेसकट फोटो होते माझ्याकडे. एवढं एकच पान मी 2 रुपये भरून साक्षांकित करून घेतलं. सगळं रजिस्टर मागितलं असतं तर शेकडो पानांचे पैसे गेले असते आणि वाचणार कधी. पाहणीला वही, दोन पेनं, चष्मा आणि एक माणूस सोबत न्या, एकाने वाचायचं एकाने लिहायचं. माहिती अधिकार कायद्यात साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे, कलम 2(ञ), डांबराच्या थराचा नमुना मागता येतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पिशवीत जोडपत्र अ मधला, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यातला, अर्ज दोन प्रतींत, त्यावर 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प (तहसीलजवळच्या स्टॅम्पवाल्याकडे मिळतो, दोनचार जादा घेऊन ठेवा, संपतात), दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स म्हणजे फी लागत नाही. माहिती कशाला हवी हे लिहायचं नाही आणि कोणी विचारलं तर सांगायचं बंधन पण नाही, शांतपणे कलम 6(2) म्हणा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

घरी आल्यावर कॅलेंडरवर 30 वा दिवस लाल पेनाने करा. मध्ये पानांचे पैसे भरा म्हणून पत्र आलं तर लगेच भरा, ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या 30 मध्ये धरत नाहीत. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यायची असते, तसं लिहून मागा. काहीच नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपयाचा स्टॅम्प, आणि सुनावणीला स्वतः जा. तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, जोडपत्र क, परत 20 रुपये. तिथे नंबर लागायला वेळ जातो आणि मूळ अर्ज, पोच, उत्तर, पहिल्या अपिलाचा आदेश सगळ्याच्या प्रती लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एकच फाईल करा आणि पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, माझी एक पोच वाळवीने खाल्ली आणि तो अर्ज मला नव्याने करावा लागला.