मराठी आणि इंग्रजी एकाच कागदावर: फॉन्टची जोडी कशी जमवायची

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात येणारं बरंचसं काम दोन भाषांचं असतं. पत्रिकेत मजकूर मराठी आणि कार्यालयाचा पत्ता इंग्रजी, वकिलांच्या कार्डाला एक बाजू मराठी. गिऱ्हाईक मोबाइलवर एखादा झोकदार इंग्रजी फॉन्ट दाखवतं, "असाच पायजे भाऊ!" तिथंच थांबवा. आधी मराठी फॉन्ट ठरवा. त्याच्या जोडीला इंग्रजी ढिगानं मिळतं. जोडाक्षरं धड असलेले मराठी फॉन्ट मोजकेच.

पारख करायला मी एकच ओळ टाइप करतो: "ॲड., राष्ट्रसंत चौक, दुसऱ्या माळ्यावर, सक्करदऱ्याजवळ, लक्ष्मी, उद्धव, शृंगार." 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टात तिथं चौकोन दिसतो. वकिलाच्या कार्डावर नावाआधीच चौकोन, म्हणजे झालंच! 'ऱ्या'चा र अर्धचंद्रासारखा आला पाहिजे. तिथं रफार चढला की 'दुसर्या' होतं. 'ष्ट्र' आणि 'द्ध' पाय मोडून सुटे पडले तर तो फॉन्ट सोडून द्या.

मग ल आणि श. नागपुरात हिंदीचं कामही तितकंच, त्यामुळे दांडीचा ल आणि गाठीचा श मराठी मजकुरात सर्रास घुसतात. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. २००९च्या शासन निर्णयातही तेच आहे. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मजकूर निवडून भाषा 'मराठी' केली की अक्षर बदलतं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू आहे ना, तेही बघा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते.

आता इंग्रजी. सोपा रस्ता म्हणजे दोन्ही लिप्या एकत्र आखलेला फॉन्ट. 'मुक्ता'त सात जाड्या आहेत. पॅम्फ्लेट, फॉर्म, दरपत्रक सगळं निभतं. 'पॉपिन्स' मथळ्याला छान, पण पानभर मजकुराला मी लावत नाही, त्याची गोलाई डोळ्यांना टोचते. स्मरणिका किंवा पुस्तकाला 'तिरो देवनागरी मराठी' घ्या. त्यात ठळक जाडी नाही आणि बोल्डचं बटण दाबून आणलेली नकली जाडी छापल्यावर भरून येते, म्हणून मथळ्याला दुसरा फॉन्ट लावा.

जोडी स्वतः जमवायची असेल तर 'नागपूर' मराठीत आणि शेजारी इंग्रजीत लिहा. शिरोरेषा इंग्रजीच्या मोठ्या एनच्या माथ्याखाली, पण लहान अक्षरांच्या माथ्यावर यावी. इंग्रजी मोठं दिसलं तर अर्धा-अर्धा पॉइंट उतरवत जा. मग डोळे बारीक करून बघा: दोन्ही शब्दांचा काळेपणा सारखा हवा. टाइम्स या इंग्रजी फॉन्टच्या बारीक रेघांशेजारी जाड शिरोरेषा असली की मराठी ओरडतं. आणि इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये टाकलं तर उलटं होतं.

ओळींतलं अंतर मराठीच्या हिशेबानं ठेवा. इंग्रजीला १२ पॉइंटवर १४-१५ चालतं, मराठीला १७-१८ द्या, नाहीतर वरच्या ओळीतला 'पू' खालच्या 'में'वर आदळतो. मरून कागदावर सोनेरी छपाई असेल तर एक जाडी वर चढा, बारीक रेघा तिथं तुटतात. आकडे मात्र एकाच लिपीत ठेवा. तारीख मराठीत आणि त्याच ओळीत वेळ इंग्रजीत, हे मी गिऱ्हाइकाशी वाद घालून बदलायला लावतो.

प्रूफ खऱ्या मापात, छापायच्याच कागदावर काढा. फाइल बाहेर छापायला देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची रेघांची चित्रं करून द्या, कारण फ्लेक्सवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसतो आणि भलताच येऊन बसतो. कर्व्ह न केलेली मूळ फाइल मात्र स्वतःकडे ठेवा. मुहूर्ताची वेळ बदलल्याचा फोन रात्री येतोच.