पोट रोज फुगतंय? ओवा खाऊन दिवस काढण्याची चूक टाळा

परकराची नाडी आखूड पडायला लागली, दोन घासांत पोट गच्च होतं, लघवीला सारखं जावं लागतं. पन्नाशीच्या बाईने हे सांगितलं की घरातलं उत्तर ठरलेलं असतं: गॅस असेल, ओवा खा. बहुतेकदा तो गॅसच असतो. पण अंडाशयाचा, म्हणजे ओव्हरीचा कर्करोगही याच तक्रारींनी सुरू होतो. म्हणूनच बहुतेक जणींना तो तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, पोटात पसरल्यावर कळतो.

लग्नाच्या जेवणानंतर फुगलेलं पोट दुसऱ्या दिवशी उतरतं, या आजाराने फुगलेलं उतरत नाही. पोट फुगणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, थोडं खाऊन पोट भरणं आणि लघवीची घाई, या चार तक्रारी ध्यानात ठेवा. यातली एखादी गेल्या वर्षभरात नव्याने सुरू झाली असेल आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होत असेल, तर तपासणी करून घ्याच. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी एक फुली मारत जा. डॉक्टरांना ‘अधूनमधून होतं’ म्हणण्यापेक्षा ‘या महिन्यात १७ दिवस झालं’ असं सांगितलंत, तर त्यांनाही ते हसण्यावारी नेता येणार नाही. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र दिवस मोजत बसू नका.

‘माझी पॅप स्मीअर नॉर्मल आहे’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते, अंडाशयाची नव्हे. ‘माझी पिशवी काढलीय’ यावरही विसंबू नका. पिशवी काढताना अनेकदा अंडाशय ठेवतात. जुनं डिस्चार्ज कार्ड काढून बघा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सीए-१२५ या रक्ततपासणीवरून. अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन ती मोजते. ३५ च्या आत आकडा आला की घरात पेढे वाटायचंच बाकी राहतं. पण पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या जणींत हा आकडा वाढलेलाच नसतो. उलट एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), गर्भारपण, इतकंच काय पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. म्हणून तक्रार असेल तर सोबत योनीमार्गे केलेली सोनोग्राफी हवी, आणि रिपोर्ट ठीक येऊनही तक्रार थांबत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं. तक्रार नाही, घरात कोणाला हा आजार नाही, तरी पॅकेजमध्ये आहे म्हणून सीए-१२५ करणं मला पटत नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. अशा चाळणी तपासणीने या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत.

आपल्याकडे आणखी एक फसवी जागा आहे, पोटाचा क्षय. पोटात पाणी, घटलेलं वजन, वाढलेलं सीए-१२५, हे सगळं दोन्हींत दिसतं. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करून महिने घालवू नका, आणि नुसत्या आकड्यावरून कर्करोग ठरवूही नका. पोटातल्या पाण्याची किंवा तुकड्याची तपासणी होऊन निदान पक्कं झालंय का, हे स्पष्ट विचारा.

अंडाशयापुरतीच मर्यादित, संशयास्पद गाठ असेल तर तिच्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका. गाठ फुटली तर आतल्या पेशी पोटात सांडू शकतात आणि बरा होण्याजोगा पहिला टप्पाही पुढे सरकतो. अशी गाठ अखंड काढावी लागते, आणि ते काम स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञाचं. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असे तज्ज्ञ आहेत. गाठ किशोरवयीन मुलीला असेल तर सीए-१२५ पुरत नाही, एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्याही कराव्या लागतात.

राहिला घराण्याचा प्रश्न. आईकडच्यांची चौकशी सगळे करतात, आत्याची कोणी करत नाही. बीआरसीए या जनुकात दोष असला की या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो दोष वडिलांकडूनही येतो. सर्वसाधारण शंभर जणींत एखाद-दुसरीला होणारा हा आजार बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभरातल्या साधारण ४० जणींना आयुष्यात कधीतरी होतो. आणि आईला आजार झालाच आहे, आता जनुक तपासून काय करायचं, असं म्हणू नका. ही तपासणी आधी तिचीच करायची असते. तिला पार्प इन्हिबिटर या कर्करोगावरच्या गोळ्यांचा फायदा होईल का ते त्यातून कळतं, आणि दोष सापडला तर मुली-मुलगे, बहिणी-भाऊ यांनाही आपली तपासणी करून घेता येते.