सॅन डिएगोहून दहा दिवसांची ट्यूना सफर: दोरी, ड्रॅग आणि जिवंत तारली

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा धक्क्यावरून गळाने मोठे मासे पकडायला ज्या बोटी निघतात, त्यांतल्या लांब पल्ल्याच्या सफरी पाच दिवसांपासून सोळा दिवसांपर्यंतच्या, कधी त्याहून जास्त दिवसांच्याही असतात. बोट साधारण ९० ते १२० फुटांची, गळ टाकणारे वीस ते तीस जण, वेग दहा नॉटच्या आसपास. झोपायला दोघांची खोली, तीन वेळचं गरम जेवण, पकडलेले मासे ठेवायला थंड खाऱ्या पाण्याच्या टाक्या. दिशा दक्षिणेची, मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्याला समांतर. यलोटेल, डोराडो आणि वाहू मिळतात, पण मुख्य ओढ यलोफिन ट्यूनाची. आपल्याकडे कुप्पा किंवा गेदर म्हणतात त्याच कुळातला हा मासा, फक्त इथे तो दोनशे पौंडांच्या म्हणजे ९० किलोंच्या पुढे गेला की त्याला ‘काऊ’ म्हणतात. तीनशेच्या पुढचा ‘सुपर काऊ’.

बोट शोधते, नांगर टाकते, आमिष जिवंत ठेवते, मासा वर ओढायला गॅफ (लांब दांड्याचा आकडा) घेऊन उभी राहते. तरीही पहिल्यांदा येणाऱ्यांचे मोठे मासे सुटतात. त्याचं कारण बहुतेक वेळा घरी बांधलेल्या गाठीत किंवा रिळाच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे किती ताणाला दोरी सुटावी ते ठरवणाऱ्या ब्रेकमध्ये, असतं. म्हणून या लेखात सामानाबद्दल जास्त आणि समुद्राबद्दल कमी आहे.

कोणती सफर, कोणता महिना

पाच-सहा दिवसांच्या उन्हाळी सफरीत सेड्रॉस बेटाकडे यलोटेल आणि मध्यम आकाराचे ट्यूना मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आठ ते दहा दिवसांच्या सफरी आलिहोस खडक आणि बाहाच्या दक्षिण भागाबाहेरच्या ‘रिज’ या उथळ उंचवट्यांच्या रांगेकडे जातात. वाहूचा हंगाम तोच. डिसेंबर ते मार्चमधल्या चौदा-सोळा दिवसांच्या सफरी खास काऊसाठी. त्यातलं हरिकेन बँक हे ठिकाण जवळपास हजार मैलांवर, म्हणजे जायलाच चार दिवस आणि यायला चार. पहिल्यांदा जाणाऱ्याने शरदातली आठ-दहा दिवसांची सफर घ्यावी. मासे पुरेसे मोठे असतात, आणि अंगाला व हाताला सवय होईपर्यंत परतायची वेळ झालेली नसते.

जुने व्हिडिओ पाहून रेव्हियाहिहेदो बेटांची स्वप्नं पाहू नका. ३८८ पौंड १२ औंसांचा यलोफिन १९७७ मध्ये तिथल्याच सान बेनेदिक्तो बेटाजवळ पकडला होता, आणि तो विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोने त्या बेटांभोवती राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं आणि तिथली मासेमारी पूर्ण बंद झाली.

मेक्सिकोचा मासेमारी परवाना आणि प्रवेशाचे कागद सहसा बोटीचं कार्यालयच पासपोर्टवरून काढून देतं. पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, ते विचारून घ्या. तुम्ही भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहत असाल आणि पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी बोटीच्या कार्यालयाला आणि तुमच्या वकिलाला लेखी विचारा. बोट मेक्सिकोच्या हद्दीत जाऊन परत येते, आणि आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही.

मेक्सिकोच्या पाण्यात माणशी रोज दहा मासे, त्यात एका जातीचे पाचपेक्षा जास्त नाहीत, डोराडो दोनच. सफर तीन दिवसांहून लांब असली तरी एकूण मर्यादा तीन दिवसांचीच धरतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत लहान ट्यूनांनी कोटा भरून टाकू नका.

रॉड, रीळ, दोरी

दहा दिवसांसाठी पाच संच पुरतात, आकडा दोरी किती ताण सोसते त्याचा: ३० पौंडी, ४० पौंडी, ६० पौंडी, १०० पौंडी आणि १३० पौंडी. शेवटची दोन रिळं दोन गिअरची आणि लिव्हर ड्रॅगचीच (ड्रॅग दांडीने कमी-जास्त करायची) हवीत. अनेक बोटी हे जड संच भाड्याने देतात. पहिल्या सफरीला तेच घ्यावेत. एका संचाच्या किमतीत भाड्याच्या कितीतरी सफरी होतात, आणि पुढच्या वेळी काय विकत घ्यायचं तेही कळतं.

रिळावर खाली पोकळ विणीची स्पेक्ट्रा (बारीक पण फार मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी भरायची आणि पुढे १५ ते २५ फूट फ्लोरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी एकसलग दोरी) जोडायचं. स्पेक्ट्रा हाताने सैल गुंडाळली तर हमखास घात होतो. मासा धावला की वरचे वेढे ताणाने खालच्या सैल वेढ्यांत रुततात, रीळ क्षणभर अडकतं, आणि शंभर पौंडी दोरी शिवणाच्या दोऱ्यासारखी तुटते. दुकानातल्या यंत्रावर किमान दहा पौंडांच्या ताणाने भरून घ्या. सगळ्यात तळाशी थोडी नायलॉनची दोरी हवी, नाहीतर गुळगुळीत स्पेक्ट्रा स्पूलवर (रिळाच्या फिरकीवर) नुसती घसरत फिरते.

फ्लोरोकार्बनचं टोक पोकळ स्पेक्ट्रात चार-पाच फूट आत सरकवायचं. ओढ पडली की विणलेली नळी आवळत जाते आणि पकड वाढते. मात्र जिथे फ्लोरोकार्बन आत शिरतं, तिथे बारीक दोऱ्याने घट्ट वेढे देऊन गोंदाचा एक थेंब टाकायला विसरू नका. ती कड मोकळी राहिली तर रॉडच्या कडीला अडकते, नळी उलट्या दिशेने ढकलली जाते, आणि पकड सुटून आख्खं फ्लोरोकार्बन सपकन बाहेर येतं.

ऐंशी पौंडी दोरीपर्यंत गळाला ‘सॅन डिएगो जॅम’ ही गाठ, पाच-सहा वेढ्यांची. आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते. शंभर आणि त्यापुढच्या दोरीला गाठीऐवजी क्रिंप (दाबून बसवायची धातूची छोटी नळी) लावतात. नळी दोरीच्या मापाचीच हवी आणि दाबायला क्रिंपची पक्कडच हवी, घरातली नको. नळीचा मधला भाग दाबायचा, दोन्ही टोकं दीड-दोन मिलिमीटर न दाबता सोडायची. टोकापर्यंत दाबलं तर नळीची धार दोरीला कापते. तयार गळ मजबूत खिळ्याला अडकवून अंगाचं वजन टाकून ओढून बघा. सुटायचा असेल तर घरी सुटू दे.

तारलीसाठी सर्कल गळ (टोक आत वळलेला; १/० पासून पुढे आकडा वाढला की गळ मोठा): ३० पौंडीला १ ते १/०, ४० पौंडीला २/० किंवा ३/०, ६० ते ८० ला ३/० ते ५/०. १०० ते १३० पौंडी दोरीवर मोठा बांगडा लावायचा असेल तर ७/० ते ९/०.

ड्रॅग वजनकाट्यावर लावायचा

बोटांनी ओढून ‘ठीक वाटतंय’ असं ठरवू नका. लिव्हर ‘स्ट्राइक’वर (मासा लागल्यावर ठेवायच्या खुणेवर) ठेवा, दोरी सगळ्या कड्यांतून काढून हातातल्या वजनकाट्याला बांधा, रॉड मासा लागल्यासारखा वाकवून धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. दोरी सुटू लागते तो आकडा दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश हवा: १०० पौंडीला २५ ते ३० पौंड, ४० पौंडीला १० ते १२. कमी-जास्त करायचं असेल तर आधी लिव्हर पूर्ण मोकळा करा, मगच प्रीसेटची (‘स्ट्राइक’चा ताण ठरवणारी) घुंडी फिरवा.

प्रीसेट जास्त कसला की काही रिळांत लिव्हर मोकळा ठेवूनही स्पूल हलकंसं घासतं. अशा रिळावर तारली पोहूच शकत नाही. स्पूलला बोटाने टिचकी मारा. ते काही सेकंद गिरगिरत राहायला हवं.

मासा धावत असताना लिव्हर पुढे सरकवायचा मोह आवरा. दोरी निघून जाते तसा स्पूलवरचा वेढा लहान होत जातो, आणि तोच ब्रेक लहान वेढ्यावर जास्त ताण देतो. वेढ्याचा व्यास निम्मा झाला की ३० पौंडांचा ड्रॅग ६० होतो. शिवाय पाण्यातली शेकडो यार्ड दोरीही ओढ धरते. तुम्ही काही न करता ताण वाढलेलाच असतो. रात्री आणि प्रवासात लिव्हर मोकळा ठेवावा, नाहीतर ड्रॅगच्या चकत्या दबून राहतात आणि पहिल्या धावेला झटके देतात.

टाकीतली तारली

बंदराच्या तोंडाशी तरंगत्या पिंजऱ्यांतून बोट जिवंत तारल्या भरून घेते. दहा दिवस त्या पुरवायच्या असतात, त्यामुळे एका वेळी एकच घ्या. जाळीत पाच उचलून चार परत टाकल्या तर त्या चारही संध्याकाळपर्यंत मरतात.

पाठ हिरवी, खवले सगळे जागेवर, नाक लाल झालेलं नाही, आणि जाळी आली की पळणारी: अशी तारली निवडा. हाताशी येते ती घेऊ नका, ती थकलेली असते म्हणूनच हाताशी येते. हात ओला करा, मुठीत आवळू नका, पोट वर करून अलगद धरली की शांत होते. वारा आणि प्रवाह चांगला असेल तर गळ नाकपुड्यांतून आडवा घाला. कल्ल्यामागच्या कडक हाडात घातला तर लांब फेकता येते. खोल जायला हवी असेल तर पोटाच्या मागच्या पराजवळ. हे सगळं दहा सेकंदांत व्हायला हवं.

नांगरलेल्या बोटीत मागच्या बाजूने तारली सोडा. रीळ मोकळं, अंगठा स्पूलला जेमतेम टेकलेला. चांगली तारली स्वतः दोरी नेत लांब जाते. बोटीजवळच घुटमळत असेल, तर दोन मिनिटांत ती शेजाऱ्याच्या दोरीत गुंतणार आहे. काढा, दुसरी लावा. अनुभवी लोक दिवसभरात नवख्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आमिष बदलतात. मासेही त्यांनाच जास्त मिळतात, आणि लोक त्याला नशीब म्हणतात.

मासा लागल्यावर

अंगठ्याखालून दोरी एकदम भरभर निघू लागली की मनात चारपर्यंत मोजा, रॉड दोरीच्या दिशेने रोखा, लिव्हर हळू पण पूर्ण ‘स्ट्राइक’वर न्या आणि रीळ फिरवत राहा. झटका मारू नका. सर्कल गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःच वळून बसतो. झटक्याने तो तोंडातून बाहेर येतो.

यानंतर एकच नियम: दोरी कायम नाकासमोर. मासा डावीकडे गेला की तुम्हीही डावीकडे, ‘कमिंग’ असं ओरडत. वाटेत इतरांच्या दोऱ्या असतात. खलाशी ‘ओव्हर’ म्हणाला तर रॉड दुसऱ्याच्या दोरीवरून न्यायचा, ‘अंडर’ म्हणाला तर खालून. त्याचं ऐका, स्वतःचं डोकं चालवू नका. जिथल्या तिथे उभं राहून भांडणाऱ्याचा मासा तर जातोच, शेजारच्या दोघांचेही जातात.

धाव संपून मासा खाली खोल जाऊन अडला की लहान गिअर लावा आणि रॉडचा पुढचा भाग कठड्यावर टेकवा, टोक पाण्याकडे. बोट डुलताना तुमची बाजू खाली गेली की दोन-तीन अर्धे वेढे घ्या, वर आली की नुसतं धरून ठेवा. उचलायचं काम बोट करते, पाठ नाही. शेवटी कुप्पा बोटीखाली गोल फिरू लागतो. दोरी तुमच्याकडे येताना अर्ध्या गोलात वेढे मिळतात, लांब जाताना फक्त तितकेच राखायचे. इथे दोरी परत सुटू दिली तर प्रत्येक गोलाला तेवढंच काम पुन्हा. तासाच्या वर गेलात तर फ्लोरोकार्बन दातांवर झिजतं आणि शार्क जवळ येतात, म्हणून दमलात तर लाज न धरता रॉड खलाशाला द्या.

खलाशी ‘कलर’ म्हणाला की मासा दिसू लागलाय. डोक्यात गॅफ बसल्याची हाक आली की लिव्हर मोकळा करा, अंगठा स्पूलवर ठेवून. गॅफवरून तो सटकून पुन्हा धावला तर घट्ट ड्रॅगवर दोरी तिथेच तुटते.

वाहूची पाळी

वाहू आपल्या सुरमईचा नातेवाईक, दात मात्र वस्तऱ्यासारखे. आमिषाच्या आधी फूटभर तार हवीच. चार-चार जणांचे गट पाळीपाळीने बोटीमागे लूर (नकली आमिष) ओढतात. एक लागला की बाकीचे लगेच जिग (धातूचं जड नकली आमिष) फेकतात आणि जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने गुंडाळतात, कारण सावकाश जाणारी जिग वाहू सोडून देतो. मासा कठड्याजवळ असताना त्याच्या सरळ रेषेत कोणी उभं राहू नये. दोरी ढिली पडून लूर सुटला तर तीन-तीन गळांसह तोंडावर येतो. डेकवर चप्पल चालत नाही, रबरी बूट घाला.

मळमळीचा पट्टा कानामागे चिकटवायचा तो निघण्याच्या चार तास आधी. तो तीन दिवस चालतो. बोट लागल्यावर गोळी घेऊन फारसं होत नाही.

परत आल्यावर

प्रत्येक माशाच्या कल्ल्यावर तुमच्या नंबरची चिठ्ठी लावलेली असते. फोटो काढायचा तर मासा टाकीत जाण्याआधीच काढा, नंतर तो धक्क्यावरच दिसेल. खलाशांना भाड्याच्या १० ते १५ टक्के बक्षीस द्यायची रीत आहे, ती रक्कम रोख जवळ ठेवा.

धक्क्यावर कापून, हवा काढून पाकिटबंद करून देणारे असतात. वजनाच्या साधारण निम्मंच मांस हाती येतं, हे फ्रीजरमध्ये जागा करताना लक्षात ठेवा. मधला काळपट लाल पट्टा वेगळा काढायला सांगा, त्याला उग्र वास येतो. तुकडे एका जेवणाला पुरतील एवढेच करा. गाडीतून घरी नेताना बर्फ भरपूर हवा: कुप्पा आणि बांगडा एकाच कुळातले, आणि मांस कोमट राहिलं तर दोघांतही हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही. कालवणासाठी पोटाकडचे तुकडे वेगळे ठेवा, पाठीचं मांस जास्त शिजलं की भुसा होतो.