शेततळ्याचा कागद वर येऊ नये म्हणून, आणि आलाच तर

अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचा कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेले प्लॅस्टिक, तळापासून सुटून वर येण्याचा प्रकार बहुधा पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या पावसांनंतर घडतो, आणि त्याचे कारण तळ्याच्या आत नसून बाहेर असते. द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेला उन्हाळाभर पाणी देऊन तळे मेअखेर रिकामे झालेले असते. पाऊस लागला की भोवतालची जमीन भरते, मुरमाच्या थरातून पाझर वाहू लागतो, विहिरीची पातळी चढते, आणि तळे मात्र विहीर पुरती भरल्यावर भरू या हिशेबाने कोरडेच ठेवलेले असते. नेमक्या या मधल्या काळात खालचे पाणी कागद उचलते.

हा रेटा किती असतो, याची कल्पना असली म्हणजे चुकीच्या उपायांवर खर्च होत नाही. ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, जाडीच्या एचडीपीई (घट्ट पॉलिथिनचा एक प्रकार) कागदाचे वजन चौरस मीटरला अर्ध्या किलोहूनही कमी भरते. उलट बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पातळीपेक्षा एक मीटरने वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून एक टनाचा रेटा बसतो. त्यामुळे वाळूच्या पिशव्या टाकून कागद दाबून ठेवण्याचा सर्रास केला जाणारा उपाय वाऱ्यापुरता ठीक आहे, पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. कागद जागेवर धरून ठेवते ते आतले पाणीच. त्यात एचडीपीई पाण्याहून हलके असल्यामुळे छिद्रातून पाणी खाली उतरून दोन्हीकडची पातळी सारखी झाली, तरी सैल पडलेला कागद तरंगू शकतो.

प्रतिबंधाची सुरुवात जागेपासून होते. नाल्याच्या काठची किंवा पावसाळ्यात उपळणारी जमीन टाळावी, आणि खोदाईपूर्वी जवळच्या विहिरीतील ऑगस्ट-सप्टेंबरची पातळी जमिनीपासून किती खाली असते ते पाहावे. ती पातळी तळ्याच्या नियोजित तळाच्या वर येत असेल, तर खोदाई कमी करून बांध उंच घेणे शहाणपणाचे ठरते. जागा बदलणे शक्य नसेल, तर कागद अंथरण्यापूर्वी तळात पाझर चर काढावा: चरात छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) गुंडाळून ठेवावा, भोवती खडी भरावी, वर गाळलेल्या मातीचा गुळगुळीत थर द्यावा, आणि पाइपाचे तोंड बांधाखालून उताराच्या बाजूला उघड्यावर काढावे. जमीन सपाट असेल तर हा पाइप बांधाबाहेर सिमेंटच्या कड्यांच्या छोट्या विहिरीत सोडावा. तिच्यात डोकावले की कागदाखाली पाणी किती चढले आहे ते कळते आणि गरज पडताच पंप लावता येतो. तळे झाल्यावर ही सोय करायची तर सगळा कागद उचलावा लागतो, म्हणून मूळ खर्चात या कामावर काटकसर करू नये.

तळे आधीच झालेले असेल तर एकच शिस्त पाळावी, ती म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर तळात निदान एक मीटर पाणी राखावे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास एक अशा तळ्यात हे पाणी सुमारे सव्वासहा लाख लिटर होते. ऐन मे महिन्यात बाग सुकत असताना एवढे पाणी अडकवून ठेवणे जिवावर येते, हे खरेच आहे. त्यामुळे ते राखता आले नाही, तर पहिल्या पावसानंतर विहिरीत जे पाणी येईल ते तत्काळ तळ्यात सोडायला लागावे, विहीर पूर्ण भरण्याची वाट पाहू नये. याशिवाय बांधावरील ज्या चरात कागदाची कड पुरलेली असते, तो चर मातीने घट्ट दाबलेला असावा. तेथे भेग पडली की पावसाचे पाणी थेट कागदामागे उतरते. वरच्या शेतातून येणारे पाणी बांधाबाहेरूनच वळवावे.

कागद वर आलाच, तर प्रथम खाली पाणी आहे की वायू, हे ओळखावे. भरलेल्या तळ्यात मध्येच म्हशीच्या पाठीसारखा गोल फुगवटा वर आला असेल आणि बांबूने दाबल्यावर तो बाजूला सरकत असेल, तर कागदाखाली राहिलेली मुळे, तण किंवा शेणखत कुजून वायू साठला आहे. अशा वेळी फुगा फोडू नये. कडेचा चर थोडा उकरून कागदामागे नळी सरकवावी आणि वायूला उताराने वर यायला वाट करून द्यावी. रिकाम्या किंवा अर्धवट तळ्यात कागद सैलसर डुलत असेल, तर खाली पाणी आहे.

पाणी असल्यास आतले पाणी मुळीच उपसू नये. छिद्र शोधण्याच्या घाईत ते उपसले जाते आणि कागद आणखी वर येतो. जवळ विहीर असेल तर तिच्यावर पंप लावून तेच पाणी तळ्यात सोडावे. बाहेरची पातळी उतरते आणि आतली चढते, म्हणजे एकाच विजेत दोन्ही कामे होतात. विहीर नसेल तर तळ्याच्या चढाकडील अंगाला, बांधाच्या पायथ्यापासून निदान खड्ड्याच्या खोलीइतके अंतर सोडून, तळाहून खोल खड्डा जेसीबीने घ्यावा व सतत उपसत राहावा. भिजलेल्या जमिनीतील असा खड्डा केव्हाही ढासळतो, म्हणून त्यात कोणी उतरू नये. आतले पाणी दिवसाला वीतभरापेक्षा जास्त वाढवू नये. कागद घड्या पडून बसला आणि त्यावर एकदम भार आला, तर तो कोपऱ्यात किंवा जोडावर फाटतो. घड्या सोडवण्यासाठी तळ्यात उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधावा, दुसरा माणूस काठावर असावा आणि हाताशी हवा भरलेली ट्यूब असावी, कारण ओल्या कागदाच्या उतारावर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

गळतीचा शोध हिवाळ्यानंतर, बाहेरची पातळी तळाखाली गेल्यावरच घ्यावा. काठावर पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातील घट आणि तळ्यातील घट रोज मोजावी. तळे जास्त उतरत असेल तर तो फरक गळतीचा आहे. उतरता उतरता घट बादलीइतकीच झाली की त्या पाणीरेषेवर रंगाची खूण करून तिच्या लगतचा कागद चारी बाजूंनी हाताने चाचपावा. सापडलेल्या छिद्राभोवतीची जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि छिद्राच्या चहूबाजूंना १५ सेंटिमीटर पुढे जाईल असे त्याच कागदाचे ठिगळ गरम हवेच्या यंत्राने जोडून घ्यावे. साधा गोंद पॉलिथिनला धरत नाही. त्यानंतर त्या रेषेच्या थोडे वर येईल इतकेच पाणी भरून बादलीशी तुलना आठवडाभर चालू ठेवावी, आणि दोन्हींची घट सारखी आल्यावर तळे पूर्ण भरण्यास घ्यावे.