रस्त्याच्या कामाची फाईल माहिती अधिकारातून कशी मिळवावी

अर्ज भरण्यावर वेळ घालवत नाही. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, साधारण 150 शब्द. पोच घ्यायला विसरू नका.

'रस्ता वर्षाच्या आत का उखडला?' असं विचारू नका. माझा पहिला अर्ज असाच होता आणि तो 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' या एका ओळीत निकाली निघाला. 2005 च्या कायद्यानं कार्यालयात असलेला कागद मिळतो, अधिकाऱ्याचा खुलासा नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अंतिम देयक. कामाचं नाव निविदेत आहे तसंच्या तसं उतरवा, सोबत आर्थिक वर्ष टाका. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असा सल्ला अनेक जण देतात, पण त्यातून 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' एवढंच उत्तर पदरात पडतं.

खरी कसोटी नकार आल्यावर लागते. 'ठेकेदार त्रयस्थ पक्ष असून त्याची हरकत आहे' असं पत्र मला आलं तेव्हा मी ते खरं मानून गप्प बसलो आणि अपिलाचे 30 दिवस हातचे घालवले. तुम्ही तसं करू नका. कलम 11 ठेकेदाराला म्हणणं मांडायला 10 दिवस देतं, नकाराधिकार देत नाही. निर्णय जन माहिती अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. शिवाय एमबी ठेकेदाराची नव्हेच. ती खात्याच्या अभियंत्यानं लिहिलेली असते आणि तिच्यावरूनच बिल निघतं. तिला कलम 8(1)(घ) मधलं व्यापारी गुपित म्हणणं मला अजिबात मान्य नाही, आणि अपिलात मी ते याच शब्दांत लिहितो. एखादा भाग खरंच गोपनीय असेल तर कलम 10 प्रमाणे तेवढा झाकून बाकीचा द्यावा लागतो. 'चौकशी सुरू आहे' हे कारणही तेवढ्यानं पुरत नाही. कागद दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल हे त्यांनी सांगायला हवं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 19(5) नुसार त्यांचीच आहे.

सगळ्यात चिवट उत्तर म्हणजे 'अभिलेख आढळून येत नाही'. कायद्यात माहिती नाकारायचं असं कारणच नाही. इथे चिडून लांबलचक अपील लिहिण्यात अर्थ नसतो, कागदाचा माग काढावा लागतो. बिल निघालं म्हणजे एमबी लेखा शाखेच्या टेबलावरून गेलेली असते. एका गटार कामात मी पुस्तिकेऐवजी पुस्तिकांची नोंदवही तपासायला मागितली. ती पुस्तिका कोणाच्या ताब्यात कोणत्या तारखेला दिली, हे सहीसकट तिथे होतं. ती ओळ अपिलात उतरवली आणि हरवलेली एमबी सापडली. तिच्यात गटाराची लांबी 140 मीटर लावली होती. आमची गल्ली टेप धरून मोजली तर 96 भरते.

नोंदवहीही मिळाली नाही तर तीन गोष्टी मागा: शोध घेतल्याचं लेखी निवेदन, कागद नष्ट केला असेल तर तसा आदेश, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार जबाबदारी निश्चिती.

पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपये. मूळ अर्जाला 30 दिवसांत उत्तरच आलं नाही तर तोही नकारच समजायचा, आणि नंतर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते.

फाईल पाहायला बोलावलं तर पानं मोजून क्रमांक टिपा. पहिल्या तासाला शुल्क नाही. बांधकाम साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात.

दुसरं अपील 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे सुनावणी लागेपर्यंत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे त्यानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत, उलटून जाऊ शकतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च पुन्हा आपल्याच माथी येतो. त्यामुळे अपील टाकाल त्याच दिवशी कार्यकारी अभियंत्याकडे दुरुस्तीची लेखी मागणी द्या, खड्ड्यांचे तारीख दिसणारे फोटो जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.